जाणाऱ्याचा पंचा

कलशेट्टी सर वर्गात आले की हजेरी घ्यायच्या आधी पहिल्या बाकावरच्या मुलाची कॉलर धरत. भांडण वगैरे काही नसे. कॉलरचं टोक चिमटीत घ्यायचं, दोनदा चोळायचं, डोळे छताला लावायचे आणि निकाल द्यायचा. "सूत बरं हाय रे, पण खळ लई घातल्यात. दोन धुण्यात लोळतंय बघ." मग दुसरी कॉलर, मग तिसरी. कुणाच्या शर्टाचं कापड लग्नातल्या आहेराचं आहे, कुणी थोरल्या भावाचा शर्ट आटवून घातलाय, हे त्यांना बोटांनी कळे आणि ते बेधडक सांगून टाकत. ज्याचं गुपित फुटलं तो खाली मान घाली, बाकीचे हसत, आणि तोवर सर पुढच्या बाकाशी पोचलेले असत.

ते दिवस टेरिकॉटचे होते. ज्याच्या घरी चार पैसे असत तो टेरिकॉटचा शर्ट शिवी, त्याला इस्त्री लागत नाही हे दहा जणांना सांगे आणि कॉलेजात मिरवे. सरांच्या चिमटीत टेरिकॉट आला की मात्र ते एक शब्द बोलत नसत. खांद्यावरच्या पंच्याला बोटं पुसत आणि पुढे जात. त्या पुसण्याची धास्ती इतकी होती की आमच्या वर्गातले टेरिकॉटवाले त्यांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायचे.

हा खांद्यावरचा पंचा हे सरांचं खास लक्षण. पांढरा सुती शर्ट, सोलापूरच्याच गिरणीतल्या जाड ड्रिलची पँट, शर्ट नीट खोचलेला, पायात चपला, आणि या सगळ्या साहेबी थाटावर डाव्या खांद्याला घडी घातलेला पंचा. रोजचा पंचा वेगळा असे, पण एकही धड नसे. एखाद्याचा काठ आत ओढलेला, एखाद्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा रुंद. कापडाच्या मास्तरानं असले तिरके पंचे का वापरावेत हे आम्हाला पहिले काही महिने समजलं नाही. पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांनी एकदा त्यांना सुचवलं म्हणे की शिक्षकाच्या खांद्यावर हे बरं दिसत नाही. सर म्हणाले, "सायेब, फिटिंगचा मास्तर खिशात पट्टी ठेवतोय. मी काय ठेवू?" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मी सोलापूरच्या त्या पॉलिटेक्निकात गेलो ते बहात्तरचा दुष्काळ संपला त्याच्या पुढच्या वर्षी. अकरावीला मार्क बरे होते, पण मेकॅनिकलला पुरतील एवढे नव्हते. मेकॅनिकलला तेव्हा जिल्ह्यातली सगळी हुशार पोरं धडका मारत. पुण्याच्या कारखान्यांत नोकरी, अंगावर निळा कोट, हे सगळं मेकॅनिकलला. उरलेल्यांना सिव्हिल, आणि त्यातूनही उरलेल्यांना टेक्स्टाइल. मला टेक्स्टाइल मिळालं. मेकॅनिकलची पोरं आमच्या विव्हिंग शेडला धोबीघाट म्हणत आणि आम्हाला ते फारसं खोटंही वाटत नसे.

माझं गाव केम. आमच्या मळ्यात विहिरीवर एक ऑईल इंजिन होतं आणि दुष्काळात विहीर आटल्यावर ते नुसतं पडून होतं. त्या वर्षभरात मी ते उघडून, पुसून, पुन्हा जोडून इतक्या वेळा पाहिलं की त्याचा नट न् नट माझ्या ओळखीचा झाला. पाणी आल्यावर ते पहिल्या झटक्यात सुरू झालं तेव्हा मला जो आनंद झाला तो मॅट्रिक पास झाल्यावरही झाला नव्हता. म्हणून मला मेकॅनिकल हवं होतं. टेक्स्टाइल मिळालं हे वडिलांना, म्हणजे आबांना, सांगितलं तेव्हा त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "कापड इकत मिळतंय की. ते शिकायला कॉलिज कशाला?" शेवटी तोड निघाली ती अशी. पॉलिटेक्निकात पहिल्या टर्मनंतर शाखा बदलून मिळे. मेकॅनिकलची एखाददुसरी पोरं डिग्रीला निघून जात किंवा शिक्षण सोडत, त्या जागा इतर शाखांतल्या वरच्या मार्कांच्या मुलांना देत. आबांनी मला संक्रांतीपर्यंत मुदत दिली. तोवर मेकॅनिकल मिळालं तर शिकायचं, नाहीतर गाशा गुंडाळून मळ्यावर परत. इंजिनावर माणूस पाहिजेच आहे, असं ते वर म्हणाले.

सरांनी पहिल्या दिवशी माझी कॉलर धरली आणि विचारलं, "कुटलं रे?" मी म्हटलं, "केमचा, सर." ते म्हणाले, "कापड विचारलो मी." वर्ग हसला. कापड करमाळ्याच्या बाजारातलं होतं, पण तोवर उशीर झाला होता. त्या दिवसापासून मी केम झालो तो कायमचा.

सरांना मुलांची नावं लक्षात राहत नसत, की ठेवायचीच नसत, कोण जाणे. ते सगळ्यांना गावानं हाक मारीत. वेळापूर, बार्शी, अक्कलकोट. शहरातली मुलं पेठेच्या नावानं ओळखली जात. मोडनिंबचे दोघे होते, त्यांतल्या एकाचं घर गावाबाहेर वस्तीवर होतं, म्हणून एक मोडनिंब आणि दुसरा मोडनिंब वस्ती. एकदा शेडची काच फुटली. प्राचार्य स्वतः चौकशीला आले आणि कुणी फोडली म्हणून विचारू लागले. सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बार्शीनं फोडली, सायेब. मंगळवेढा साक्षीला हाय." प्राचार्यांना बराच वेळ काही उमगेना.

सर मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी. पोरांशी मराठी बोलत, प्राचार्यांशी इंग्रजी, आणि हातमागाशी कानडी. हे मी गमतीनं सांगत नाही. शेडमधल्या हातमागावर बसले की ते धाग्यांशी हलक्या आवाजात बोलत. "निधान, निधान," असं म्हणत आडव्या धाग्याचा धोटा फेकत, म्हणजे सावकाश, सावकाश. कापड हवं तेवढं झालं की "साकु," म्हणत आणि उठत. साकु म्हणजे पुरे. हा शब्द इतका अंगात मुरलेला की वर्गात कुणी लांबलचक उत्तर द्यायला लागला की तिथेही ते हात वर करून "साकु" म्हणत आणि पोरगं गप्प बसे.

त्यांची बोटं त्यांच्या ताब्यात नसत, त्याची एक गोष्ट सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध होती. गॅदरिंगला कुणी मोठे पाहुणे आले होते. त्यांना शाल द्यायचा मान वयानं ज्येष्ठ म्हणून सरांना मिळाला. सरांनी शाल उलगडली, पाहुण्यांच्या खांद्यावर घातली, आणि नमस्कार करायचा सोडून शालीचं टोक चिमटीत धरून चोळलं. माईक समोरच होता. "लोकर न्हाय ही," ते म्हणाले. साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण शाल त्यांनीच आणली होती आणि लोकरीची म्हणून आणली होती. पाहुणे भले निघाले, हसून म्हणाले की उबदार तर आहे. पुढच्या वर्षीपासून सरांची खुर्ची स्टेजच्या खाली गेली. पण प्राचार्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा साड्यांच्या खरेदीला त्यांनी गुपचूप सरांनाच बरोबर नेलं, असं शिपायानं सगळ्यांना सांगितलं.

आता पंच्याबद्दल. शाखा बदलायची तर आपल्या विभागप्रमुखाची ना हरकत लागे. इतर विभागांत ती मागितली की मिळे. टेक्स्टाइलचे प्रमुख मात्र सर, आणि त्यांची एक रीत होती. सोडून जायचं असेल त्या मुलानं आधी शेडमधल्या हातमागावर एक पंचा विणायचा, कुणाच्या मदतीशिवाय, आणि सरांना आणून द्यायचा. सर माठातलं पाणी घेऊन तोंड धूत, त्या पंच्यानं पुसत, आणि मगच सही करत. नियमात हे कुठेच नव्हतं. कुणी कुरकुर केली तर ते म्हणत, "घरनं पाहुणा मोकळ्या हातानं जातोय होय रे? माझ्या घरात तीन-चार महिने जेवलास. काहीतरी हातात घिऊन जा."

पण पंचा तर सरांना द्यायचा होता. मग हातात घेऊन काय जायचं, हे आम्हाला कळत नसे. वरच्या वर्गातली मुलं सांगत की हा सगळा सापळा आहे. मागावर बसवायचं, पोराला गोडी लागते, आणि पोरगं टेक्स्टाइलमध्येच अडकतं. मी मनाशी ठरवलं की पंचा विणायचा, पण गोडी लावून घ्यायची नाही.

त्या वर्षी मेकॅनिकलच्या दोन जागा मोकळ्या झाल्या. टर्मच्या परीक्षेत मला चांगले मार्क पडले होते आणि दोनांतली एक जागा मला मिळण्यासारखी होती, फक्त सही संक्रांतीच्या सुट्टीआधी ऑफिसात पोचायला हवी होती. आमच्या वर्गातून माझ्याबरोबर वेळापूरनंही अर्ज केला. हा श्रीपती, मोठा उत्साही गडी. माग एकच रिकामा होता, म्हणून आधी तो बसला आणि नंतर मी बसायचं ठरलं. वेळापूर मागावर बसला तो तासन् तास उठेना. जेवायला बोलवावं लागे. त्याच्या पंच्याचा काठ पट्टीनं आखल्यासारखा सरळ आला. सरांनी तोंड धुतलं, पुसलं, खिशातून पेन काढलं. तेव्हा वेळापूर डोकं खाजवत म्हणाला, "सर, आनखी एक इणू का?"

सरांनी पेन खिशात परत ठेवलं. पंच्याची घडी घालून ती वेळापूरच्या हातात दिली आणि म्हणाले, "हा तुझा तुला. राहणाऱ्याचा मी ठेवत न्हाय." वेळापूर टेक्स्टाइलमध्ये राहिला तो असा. मला धडकी भरली. सापळा खरोखरच होता की.

मग माझी पाळी. मागावर विणणं दिसायला सोपं असतं. पाय दाबायचा, धोटा फेकायचा, फणीनं ठोका द्यायचा, दुसरा पाय दाबायचा. माझं तेवढं जमलं. घोडं अडलं ते धागा तुटल्यावर. उभा धागा तुटला की तो गाठ मारून जोडायचा आणि विणता विणता ती गाठ फणीच्या दातांतून पुढे येते. मी शेतकऱ्याचं पोर. मला गाठ एकच येत होती, दाव्याची. घट्ट, दोनदा आवळलेली निरगाठ, जी बैलानं हिसडा दिला तरी सुटू नये. ती गाठ फणीशी यायची, अडकायची, आणि तुटायची. तुटताना शेजारचे दोन धागे घेऊन जायची. मग मी ते तिन्ही पुन्हा निरगाठीनं बांधायचो. अशानं माझा पंचा पुढे सरकण्याऐवजी धागेच तुटत चालले.

सर मागे येऊन केव्हा उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी एक गाठ बोटानं चाचपली आणि विचारलं, "केम, बैल बांधतोयस व्हय रे?" सगळी शेड हसली. मी घाम पुसत बसलो. मदत करायची नाही हा नियम त्यांचाच होता, तरी ते माझ्या शेजारी पाटावर टेकले. दोन टोकं एकमेकांवर ठेवली, एक वळसा, एक दाबणं, आणि गाठ झाली. इतकी चपटी की बोटाला लागेना. "कापडातली गाठ ही अशी," ते म्हणाले. "दोन्ही टोकं धरून ठेवती, पण वाटंत आडवी येत न्हाय." मग मला करायला लावली. जमेना. पुन्हा लावली. पाचपन्नास वेळा झाल्यावर बोटांना कळलं. डोक्याला आजही नीट सांगता येत नाही, बोटं मात्र अजून मारतात.

त्या दिवशी माझं जेवण राहिलं होतं, म्हणून सर मला घरी घेऊन गेले. बाळीवेशीत अरुंद गल्लीत घर. त्यांच्या मंडळींना सगळे अक्का म्हणत. अक्कांनी ताटात कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही वाढलं. भाकरीची चवड एका पंच्यात गुंडाळलेली होती, वाकड्या काठाच्या. मी इकडेतिकडे पाहिलं तर घरभर पंचे. एक चक्का टांगायला, एक देवघराच्या फळीवर, दोन दोरीवर वाळत. सगळे तिरके, सगळे पोरांच्या हातचे. सर हात धुऊन आले तशी अक्कांनी विचारलं, "कुडूवाडी देऊ का बार्शी?" सर म्हणाले, "बार्शी ओला असंल, कुडूवाडी दे." आणि दोरीवरच्या एका पंच्याला हात पुसून जेवायला बसले.

आमचा बार्शी तर वर्गातच होता, म्हणून मी अक्कांना विचारलं की हे सगळे कोण. त्या म्हणाल्या, "सोडून गेलेली पोरं रे. ह्यांनी ठेवल्यात." मग बोट दाखवत नावं सांगितली. हा सांगोला, आता भिलाईला आहे. हा नळदुर्ग, मुलगा झाला त्याला. जे राहिले त्यांचा या घरात एकही पंचा नव्हता. एवढा वेळ मी ज्याला सापळा समजत होतो तो माणूस, आपल्याला सोडून गेलेल्यांच्या पंच्यांनी रोज तोंड पुसत होता. मला ते घर फार आवडलं आणि तिथून लवकर उठावंसंही वाटलं.

सोलापूरची संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा तोंडावर आली. शहरात होम मैदानावर पाळणे उभे राहायला लागले, वसतिगृह रिकामं व्हायला लागलं, आणि ऑफिसचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस उजाडला तरी माझा पंचा वीतभर राहिला होता. मी सकाळपासून मागावर होतो. हात बसला होता. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. ठोक्याला लय आली होती आणि आपल्या हातून कापड होतंय हे डोळ्यांदेखत दिसत होतं. दुपारी अगदी शेवटाशी पुन्हा धागा तुटला. मी घाईत होतो. बोटं शिकवलेलं सगळं विसरली आणि जन्माची सवय वर आली. दाव्याची निरगाठ बसली. ती सोडवायला वेळ नव्हता. नखानं ढकलून ढकलून मी ती फणीतून पुढे काढली आणि वरून दणादण ठोके दिले. पंचा पुरा झाला, पण शेवटच्या काठाजवळ हरभऱ्याएवढी गाठ तशीच राहिली.

सरांनी तोंड धुतलं. पंचा घेतला. एक गाल पुसला, दुसरा पुसताना थांबले. पंचा खाली घेऊन त्यांनी ती गाठ शोधली आणि अंगठ्यानं फिरवत राहिले.

"बैल," ते म्हणाले.

मी म्हटलं, "चुकलं, सर."

ते रागावले नाहीत. पंचा उलगडून उजेडाकडे धरला, वरपासून खालपर्यंत पाहिला. काठ पहिल्या वितीत वाकडा होता, पुढे सरळ होत गेला होता. त्यांनी तिथे बोट ठेवलं आणि जे कधी कुणाला विचारल्याचं मी ऐकलं नव्हतं ते मला विचारलं. "हात चांगला हाय तुझा. राहतोस काय रे?"

हो म्हटलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं हे मला दिसत होतं. पण आबांची मुदत होती, आणि मुदत नसती तरी उत्तर तेच होतं. मी म्हटलं, "सर, विहिरीवरलं इंजिन सुरू झालं की मला लई बरं वाटतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला माग सुरू झाला की वाटतंय तसं?"

"व्हय, सर."

"मग जा की," असं म्हणून त्यांनी सही केली.

ऑफिसात गेलो तर खिडकी बंद. कारकून जत्रेसाठी लवकर गेला होता. मी सहीचा कागद हातात घेऊन खिडकीपुढे उभा राहिलो. मागून सर आले, खांद्यावर माझा पंचा. मला दंडाला धरून थेट प्राचार्यांच्या खोलीत घेऊन गेले. प्राचार्यांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला. म्हणाले, "कलशेट्टी, तुमच्या वर्गात मुलं उरलीत किती? असेच सोडत राहिलात तर वरून विचारतील, ही शाखा ठेवायची तरी कशाला. हा तुमचा पहिल्या नंबरचा मुलगा. तुम्ही नाही म्हटलंत तर मी तुमच्या बाजूनं आहे." मी दाराशीच उभा होतो. माझं मेकॅनिकल, माझं शिक्षण, सगळं आता या एका माणसाच्या शब्दावर होतं आणि त्याचा फायदा मला ठेवून घेण्यात होता.

सरांनी खांद्यावरचा पंचा काढला, ती गाठ शोधली आणि प्राचार्यांच्या टेबलावर पुढे केली. "हात लावून बघा, सायेब. विणताना ह्याचं मन विहिरीवर हाय. धरून ठेवलो तर दर कापडात अशी गाठ निघंल." मग म्हणाले, "चांगला हाय म्हणूनच देतोय. वाईट असता तर तुमच्या मेकॅनिकलच्या गळ्यात कशाला मारलो असतो?" प्राचार्यांनी खरंच गाठीला हात लावला. त्यांना हसू आवरलं नाही आणि त्या हसण्यातच त्यांनी कागदावर सही केली.

बाहेर आल्यावर मला सरांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांना तेवढी उसंत नव्हती. "तितं गाठ नसती, बोल्ट असतोय," ते जाता जाता म्हणाले. "तो तरी सोडता येईल असा आवळ." संक्रांतीला मी घरी गेलो तेव्हा आबांनी सगळ्या गल्लीला तिळगूळ वाटत सांगितलं की पोरगं इंजिनाचं शिकतंय.

मेकॅनिकलला गेल्यावर शेडकडे जाणं कमीच झालं. सर व्हरांड्यात भेटत, केम म्हणून हाक मारत, कॉलर धरत आणि पुढे जात. टेक्स्टाइल बंद पडलं नाही. वेळापूर पहिल्या वर्गात पास झाला आणि सोलापूरच्याच एका गिरणीत लागला. मला पुण्याजवळ नोकरी मिळाली, आमच्या मळ्यात होतं तसल्याच इंजिनांच्या कारखान्यात. निळा कोटही मिळाला. मी सुखात होतो आणि आहे.

दशक संपता संपता वेळापूरचं लग्न निघालं, म्हणून मी सोलापूरला गेलो. सकाळी स्टेशनवरून थेट बाळीवेशीत गेलो. अक्कांनी दार उघडलं. त्या थकल्या होत्या आणि त्यांनी मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, पण माझं नाव त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बसा म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. न्हाणीत पाण्याचा आवाज चालला होता. तो थांबला आणि आतून सरांची हाक आली, "केम दे गं."

अक्कांनी दोरीवरून एक पंचा ओढला आणि न्हाणीच्या दारातून आत दिला. विटून सायीसारखा मऊ झालेला, मधे विरलेला, एका काठाला ठिगळ. डोळे भरून आले ते पुसायलाही मला सुचलं नाही.

सर तोंड पुसत बाहेर आले. मला पाहिलं, ओळखलं की नाही ते चेहऱ्यावर दिसलं नाही, सरळ येऊन माझी कॉलर धरली. शर्ट टेरिकॉटचा होता. नोकरीवाल्या माणसाचा दुसरा कसला असणार. त्यांनी दोनदा चोळली, हात काढला, आणि त्या पंच्याला, माझ्याच पंच्याला, बोटं पुसली. मग हसायला लागले. आत बघून अक्कांना म्हणाले, "अगं, केम आलाय, केम."

अक्का बाहेर आल्या आणि माझ्याकडे नव्यानं बघू लागल्या. मी पंच्याच्या टोकाला हात लावला. काठाजवळची ती निरगाठ अजून होती, सगळं कापड झिजलं तरी ती तशीच टणक. मी म्हटलं, "सर, ही बोचत असेल हो रोज. काढून टाकायची होती." अक्का म्हणाल्या की त्यांनी कितीदा कात्री आणली, पण सर काढू देत नाहीत.

"काढली तर मग हा केम कसा?" सर म्हणाले. त्यांनी पंचा झटकला, घडी घातली आणि डाव्या खांद्यावर टाकला.